तक्कोलम, इ.स. ९४९: हाकललेल्या राजांनी घडवलेली एक लढाई

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे, तिथे सापडलेला एक दगड आता बंगळूरच्या सरकारी म्युझियममध्ये ठेवलाय. दगडावर एक शिकारी कुत्रा आणि रानडुक्कर झुंजताना कोरलेत आणि जुन्या कन्नडमधला लेख आहे. गोष्ट अशी की मणलेर नावाच्या सरदाराने लढाईत मोठा पराक्रम केला म्हणून त्याचा धनी गंग राजा बूतुग खूश होऊन म्हणाला, काय हवं ते माग, आणि ह्याने धन्याचा काळि नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे तो कुत्रा एका मोठ्या डुकराशी लढला, दोघंही मेले, मग मणलेरने गावातल्या शिवाच्या देवळासमोर हा दगड उभा केला, त्याला जमीन लावून दिली आणि पुजाऱ्याने दगडाची पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही असंही लिहून ठेवलं. साल शक ८७२, म्हणजे इ.स. ९४९-५०.

त्याच दगडावर, कुत्र्याच्या गोष्टीच्या आधी, १०व्या शतकातल्या दक्षिणेतल्या सगळ्यात मोठ्या लढाईची बातमी आहे. राष्ट्रकूट सम्राट कृष्ण तिसरा याने चोळांवर हल्ला केला, तक्कोलमला लढाई झाली आणि बूतुगाने चोळ युवराज राजादित्य याला हत्तीवरच्या हौद्यात ठार मारलं. मणलेरने पराक्रम केला तो ह्याच लढाईत.

ह्या लढाईबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते साधारण एवढंच, की राष्ट्रकूट जिंकले, चोळ हरले, पुढे राजराज आला आणि चोळ पुन्हा मोठे झाले. मला हे फार अपुरं वाटतं. एवढी तयारी करून बसलेला युवराज एका दिवसात गेला हे कसं झालं, आणि जिंकलेल्यांची राजधानी २३ वर्षांत लुटली गेली ती कशामुळे, हे दोन प्रश्न एकत्रच बघावे लागतात. आणि दोन्हींच्या उत्तरात तीच मंडळी पुन्हा पुन्हा समोर येतात, राज्य गेलेले, दुसऱ्याच्या दरबारात जाऊन बसलेले छोटे राजे. हे सगळं प्रकरण मी त्यांच्या बाजूने मांडतोय.

आधी जागा. तक्कोलम हे तमिळनाडूत अरक्कोणमजवळचं गाव, कांचीपुरमच्या उत्तरेला. तो सगळा पट्टा म्हणजे तोंडैमंडलम, जुना पल्लवांचा मुलूख. चोळांचा मूळ देश तिथून बराच दक्षिणेला, कावेरीच्या खोऱ्यात, तंजावरच्या आसपास. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. ह्या दोघांच्या मधे छोट्या घराण्यांचा एक आडवा पट्टा होता: म्हैसूर भागात गंग, पालार नदीच्या बाजूला बाण, कडप्पा-चित्तूरकडे वैदुंब. मान्यखेटहून कांचीकडे जायचं तर ह्यातल्या कोणाच्या तरी दारातून जावं लागणार.

भांडणाची सुरुवात लग्नातून झाली. चोळ राजा आदित्य पहिला याची एक राणी राष्ट्रकूट कृष्ण दुसरा याची मुलगी होती आणि तिला कन्नरदेव नावाचा मुलगा होता. ९०७ च्या सुमारास आदित्य गेला आणि गादीवर आला दुसरा मुलगा परांतक. नातवाचा हक्क डावलला गेला म्हणून कृष्ण दुसरा सैन्य घेऊन खाली उतरला, बाण आणि वैदुंब त्याच्या बाजूने, गंगांच्या एका शाखेचा पृथ्वीपती दुसरा मात्र परांतकाच्या बाजूने. वल्लाळ म्हणजे तिरुवल्लम इथे लढाई झाली, परांतक जिंकला आणि त्याने वीरचोळ हे बिरुद घेतलं.

आता इथे परांतकाने जे केलं तिथे ह्या प्रकरणाची गाठ आहे असं माझं ठाम मत आहे. हरलेल्या बाणांना मांडलिक करून ठेवता आलं असतं, त्या काळची पद्धतच ती होती, खंडणी द्या, बोलावलं की सैन्य घेऊन या, बाकी तुमचं राज्य तुम्ही करा. परांतकाने बाणांचं राज्यच उखडलं आणि बाणाधिराज ही पदवी पृथ्वीपतीला देऊन टाकली. ९१६ च्या शोळिंगरच्या लेखात ही पदवी आहे. वैदुंबांनाही त्याने असंच बाजूला केलं. पुढे ९४१ च्या सुमारास त्याचा एक सेनापती नेल्लोरपर्यंत जाऊन तो भाग उद्ध्वस्त करून आला. म्हणजे उत्तरेकडे जेवढे कोणी होते ते एकतर संपवले नाहीतर दुखावले, आणि सगळी उत्तर सीमा टिकून होती एकट्या पृथ्वीपतीच्या भरवशावर.

उखडलेली माणसं गेली कुठे? बाण आणि वैदुंब राष्ट्रकूटांच्या आश्रयाला गेले. बाणांच्याच एका ताम्रपटात त्यांचा शेवटचा विक्रमादित्य हा कृष्णराजाचा जवळचा मित्र असल्याचं म्हटलंय. अशा माणसाला आपला गेलेला मुलूख, तिथल्या वाटा, नद्या कुठे उतरता येतात, कोणतं गाव कोणाच्या बाजूचं, सगळं तोंडपाठ असतं. आणि तो रोज दरबारात बसून आपलं राज्य परत मागत असतो.

दक्षिणेतही हेच. परांतकाने ९१० च्या आसपास मदुरा घेतली, पांड्य राजा राजसिंह सिंहलच्या म्हणजे श्रीलंकेच्या राजाची मदत घेऊन परत आला, वेळ्ळूरला पुन्हा हरला आणि शेवटी पळून सिंहलद्वीपात गेला, जाताना पांड्यांचा मुकुट आणि राजचिन्हं घेऊन गेला आणि ती तिथेच ठेवून नंतर केरळला निघून गेला. तो मुकुट परांतकाच्या मनातून गेला नाही. मदुरा ताब्यात होती पण मुकुट नाही म्हणजे विधिपूर्वक पांड्य देशाचा अभिषेक नाही. म्हातारपणी, ९४० च्या दशकात, त्याने मुकुटासाठी समुद्रापार सैन्य पाठवलं, सिंहलचा राजा उदय तो मुकुट घेऊन रोहण भागात आत निघून गेला आणि चोळ सैन्याला हात हलवत परत यावं लागलं. उत्तरेला एवढा मोठा शत्रू जमवाजमव करत असताना हा खर्च, ही जहाजं, ही माणसं दक्षिणेत गेली, हे वाचताना खरंच जीव तुटतो, कारण परांतक काही कमी कुवतीचा राजा नव्हता. उत्तरमेरूरचे ग्रामसभेच्या निवडणुकीचे नियम सांगणारे प्रसिद्ध लेख (९१९ आणि ९२१) त्याच्याच राज्यातले, चिदंबरमच्या देवळाला सोन्याचं छत त्यानेच घातलं, आज चेन्नईला पाणी देणारा वीराणम तलाव त्याच्याच वीरनारायण ह्या बिरुदाने ओळखला गेला.

आता मान्यखेटच्या बाजूला काय चाललं होतं ते. तिथे गोविंद चौथा राजा होता, त्याच्या वागण्याला सामंत कंटाळले आणि ९३६ च्या सुमारास त्यांनी त्याला काढून त्याचा काका अमोघवर्ष तिसरा याला बसवलं. हा वयस्क, धार्मिक माणूस, खरा कारभार मुलाकडे, तोच पुढे कृष्ण तिसरा. गोविंद चौथा सासऱ्याकडे म्हणजे चोळांकडे गेला असं काही इतिहासकार मानतात, कारण परांतकाच्या मुलीचा नवरा म्हणून गोविंद वल्लवरैयर असं नाव चोळ लेखात येतं. तसं असेल तर दोन्ही दरबारांत समोरच्याचे हाकललेले लोक बसले होते.

कृष्णाने राजा व्हायच्या आधीच एक काम करून ठेवलं आणि माझ्या मते लढाईचा अर्धा निकाल तिथेच लागला. त्याची बहीण रेवकनिम्मडी गंग घराण्यातल्या बूतुगाला दिलेली होती. गंगांच्या गादीवर तेव्हा बूतुगाचा भाऊ राचमल्ल होता. कृष्ण सैन्य घेऊन गेला, राचमल्ल मारला गेला आणि मेव्हणा गादीवर बसला. वर्ध्याजवळच्या देवळी इथे सापडलेल्या ९४० च्या ताम्रपटात ह्याचं वर्णन आहे की राचमल्ल नावाचा विषवृक्ष उपटून गंगांच्या बागेत भूतार्य नावाचा चांगला वृक्ष लावला. भूतार्य म्हणजेच बूतुग. विदर्भातलं एक गाव दान देताना म्हैसूरकडच्या सत्तांतराची बातमी लिहिली जाते, ह्यावरून कृष्ण ते सत्तांतर किती महत्त्वाचं मानत होता ते कळतं. कृष्णाला आता कांचीच्या वाटेवर शत्रूच नाही तर स्वतःचा मेव्हणा होता, ज्याची गादीच त्याच्यामुळे होती.

आणि ह्याच सुमारास, ९४० च्या आसपास, चोळांचा पृथ्वीपती वारला. त्याच्यामागे ती जागा सांभाळेल असं कोणी उरलं नाही.

परांतकाला धोका कळत नव्हता असं अजिबात नाही. त्याने थोरल्या मुलाला, राजादित्याला, मधल्या तिरुमुनैप्पाडी भागात तिरुनावलूरला ठेवलं होतं, सोबत हत्ती, घोडदळ आणि खूप मोठं सैन्य. राजादित्याची आई केरळची, त्यामुळे सैन्यात केरळचे लोक भरपूर, त्यांच्या नावांचे दानलेख त्या भागातल्या देवळांत आहेत. गावाचं नावच राजादित्यपुरम पडलं. हे काही चार महिन्यांचं तळ ठोकणं नव्हतं, वर्षानुवर्षं तो तिथे होता. त्याचा सेनापती वेळ्ळन कुमारन, केरळचाच, त्याने जवळच ग्रामम इथे ९४३ साली शंकराचं दगडी देऊळ बांधलं. ह्या देवळातल्या लेखात परांतकाचं ३६वं वर्ष आणि कलियुगाचं ४०४४ हे वर्ष एकत्र दिलंय, त्यामुळेच परांतक ९०७ ला गादीवर आला हे आपल्याला पक्कं सांगता येतं. बाकी चोळ काळाचं वेळापत्रक लावायला ह्या एका लेखाचा केवढा उपयोग झालाय!

पण तिरुनावलूर कुठे आणि तक्कोलम कुठे, नकाशा उघडून बघा. मधे दीडेकशे किलोमीटर तरी आहेत. युवराजाची छावणी सीमेवर नाही, सीमेपासून बरीच आत आहे. मधल्या पट्ट्यात पूर्वी बाण होते, ते असते तर पहिला मार त्यांनी झेलला असता, निदान बातमी तरी वेळेवर दिली असती. आता तिथे चोळांचे अधिकारी होते आणि ज्यांचं राज्य गेलं त्यांचीच जुनी प्रजा. शत्रू आला की राजादित्याला आपली जमलेली जागा सोडून वर जावं लागणार हे ठरलेलंच होतं, कारण कांची हातची गेली तर सगळं तोंडैमंडलम गेलं.

९४९ ला तसंच झालं. कृष्ण आणि बूतुग आले, राजादित्य कांचीच्याही पुढे तक्कोलमपर्यंत गेला. लढाईचं दिवसभराचं वर्णन असं काही आपल्याकडे नाही, दोन बाजूंचे दोन लेख आहेत, आणि ते शेजारी ठेवून वाचावेत. आतकूरचा दगड लढाईनंतर लगेचचा आणि जिंकलेल्यांचा: बूतुगाने हौदा हेच रणांगण केलं आणि राजादित्याला भोसकून मारलं. पूर्वी ह्या ओळीचं वाचन वेगळं केलं गेलं होतं आणि बूतुगाने दगा केला असा अर्थ काढला होता, तो नंतर मागे घेतला गेला, तरी अजून कुठे कुठे दगाबाजीची गोष्ट सांगितली जाते, ती सोडून द्यायला हवी. दुसरा लेख चोळांचा, अर्ध्या शतकापेक्षा जास्त काळानंतरचा, आनैमंगलमचे मोठे ताम्रपट, जे नेदरलँड्समधल्या लायडनला नेले गेले म्हणून लायडन ताम्रपट ह्या नावाने ओळखले जातात. त्यात राजादित्याने आपल्या धनुष्यबाणांनी कृष्णराजाचं सैन्य हादरवून सोडलं, मग मोठ्या हत्तीवर बसलेला असताना शत्रूचे तीक्ष्ण बाण छातीत घुसले आणि तो वीरांच्या स्वर्गाला गेला, असं आहे. बूतुगाचं नाव नाही.

बाण की सुरी, हे आज ठरवता येणार नाही, पण दोन्ही लेख एका गोष्टीवर जुळतात आणि तेच कामाचं आहे: तो हत्तीवर असताना मेला. चोळ लेखांत पुढे त्याचा उल्लेखच हत्तीवर मरण आलेला देव असा येतो. त्या काळच्या लढाईत सेनापती उंच हत्तीवर बसतो तो सगळ्यांना दिसावा म्हणून, सैन्य त्याच्याकडे बघून लढतं, आणि म्हणून शत्रूही त्याच्याकडेच बघून येतो. आतकूरच्या दगडावरून एवढं दिसतं की बूतुग थेट त्या हत्तीपर्यंत पोचला. सगळ्या सैन्याला हरवायची गरज पडली नसावी, हत्तीवरचा माणूस पडला की पुढचं आपोआप होतं. चोळांची सगळी उत्तरेची व्यवस्था एका माणसाभोवती उभी होती आणि तो माणूस हत्तीवर होता.

वेळ्ळन कुमारनचं काय झालं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चेन्नईच्या तिरुवोट्रियूर देवळात कृष्ण तिसऱ्याच्याच राज्यवर्षातला, ९५९ च्या सुमाराचा, चतुरानन पंडित नावाच्या संन्याशाचा लेख आहे. तो केरळचा, राजादित्याचा जवळचा माणूस, लढाईच्या वेळी तो धन्याबरोबर नव्हता आणि त्याच्यासोबत मरता आलं नाही ह्याचं दुःख होऊन त्याने गंगेत स्नान केलं, संन्यास घेतला आणि तिरुवोट्रियूरला येऊन मठाचा प्रमुख झाला. बरेच अभ्यासक हा आणि वेळ्ळन कुमारन एकच असं मानतात. दहा वर्षं झाली होती, राज्य शत्रूचं होतं, लेखावर वर्षही शत्रूचंच घालावं लागलं, तरी ती गोष्ट त्याने दगडावर लिहून ठेवली. त्याच्यासारखा अनुभवी सेनापती त्या दिवशी तिथे का नव्हता, हा प्रश्न ह्या प्रकरणात मोठाच आहे.

आता लढाईनंतर. कृष्णाने कच्ची आणि तंजै जिंकणारा, म्हणजे कांची आणि तंजावर जिंकणारा, हे बिरुद लावलं आणि तमिळ लेखांत तो ह्याच नावाने येतो. पण हे लेख सापडतात कुठे ते बघायला हवं. तोंडैमंडलममध्ये भरपूर, तिरुमुनैप्पाडी भागातही, आणि बरेचसे ९५० च्या दशकाच्या मध्यापासून ९६७ पर्यंतचे. कावेरीच्या मुख्य खोऱ्यात नाहीत. म्हणजे तंजावरपर्यंत धडक मारली असेलही, पण तिथे बसून राज्य केलं नाही. चोळांचं जे खरं पोट, भाताची जमीन, कालवे, ब्रह्मदेय म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेली गावं आणि त्यांच्या सभा, ते जागेवरच राहिलं.

बूतुगाला बक्षीस मिळालं: आतकूरचा लेख बनवासी-१२०००, बेळवोल-३००, पुरिगेरे-३००, किसुकाड-७० आणि बागेनाड-७० एवढे प्रांत मोजतो. हे आकडे त्या प्रांतांच्या नावांचाच भाग आहेत. ह्यातले बनवासी सोडून बाकीचे लग्नातच दिले होते असं दुसऱ्या एका लेखावरून दिसतं, तरी हिशोब तोच राहतो, की गदग, बागलकोट, लक्ष्मेश्वर, बनवासी हा सगळा सलग मुलूख मेव्हण्याकडे गेला. वैदुंबांनाही परत जागा मिळाली, त्यांचा विक्रमादित्य कृष्णाचा सामंत म्हणून तिरुमुनैप्पाडीच्या बाजूचे प्रांत सांभाळताना दिसतो. म्हणजे परांतकाने ज्यांना हाकललं तेच आता राजादित्याच्या छावणीच्या शेजारी राज्य करायला आले.

आणि इथे आपल्या कऱ्हाडचा संबंध येतो. कऱ्हाडला सापडलेला कृष्ण तिसऱ्याचा ताम्रपट ९ मार्च ९५९ चा आहे. त्यात करहाट-४००० प्रांतातलं कंकेम हे गाव तिथल्या वल्कलेश्वर मठाच्या गगनशिव ह्या शैव आचार्याला दान दिलंय. पण राजा हे दान देतोय तेव्हा तो कऱ्हाडला नाही, मान्यखेटलाही नाही, तो मेलपाटीला म्हणजे आजच्या वेल्लोरजवळच्या मेलपाडीला छावणीत आहे, लढाईला दहा वर्षं होऊन गेल्यावर! आणि कशासाठी बसलाय तेही लेखातच सांगितलंय: दक्षिणेतले प्रांत आपल्या आश्रितांना वाटून द्यायला, तिथल्या मांडलिकांची संपत्ती ताब्यात घ्यायला आणि देवळं बांधायला. चोळांना उखडलं, चेर-पांड्य-सिंहलांकडून खंडणी घेतली, रामेश्वरला कीर्तिस्तंभ उभा केला, असेही दावे त्यात आहेत. त्याच वर्षी जैन पंडित सोमदेवाने आपला यशस्तिलक हा ग्रंथ पुरा केला, त्याच्याही शेवटी कृष्णराज मेलपाटीला आहे असं लिहिलंय. दोन वेगळ्या ठिकाणचे दोन स्वतंत्र उल्लेख असे जुळतात तेव्हा फार समाधान वाटतं.

मला ताम्रपटातलं ते वाटपाचं वाक्य सगळ्यात बोलकं वाटतं. राजा स्वतः दहा वर्षांनीही छावणीत आहे आणि त्याचं मुख्य काम प्रदेश वाटणं हे आहे. हाकललेल्यांना राज्य परत देतो म्हणून जमवलेली आघाडी जिंकल्यावर पैसे मागते, आणि ते पैसे म्हणजे जमीनच. ही सवय मग दक्षिणेपुरती राहिली नाही. ९६५ च्या नरसलगीच्या लेखात तर्दवाडी-१००० हा विजापूर भागातला प्रांत चालुक्य घराण्यातल्या तैलप नावाच्या सरदाराला उपजीविकेसाठी दिलेला दिसतो. तर्दवाडी काही लांबची सीमा नाही, राज्याच्या अगदी मधला भाग आहे.

९६७ ला कृष्ण वारला, भाऊ खोट्टिग गादीवर आला. ९७२ ला माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटलं, धनपाल कवीने आपल्या प्राकृत कोशाच्या शेवटी ह्या लुटीची नोंद केलीय. पुढच्याच वर्षी तैलपाने राष्ट्रकूट कर्क दुसरा याला काढून स्वतःचं राज्य सुरू केलं. बूतुगाच्या घराबद्दल मात्र आदराने लिहायला हवं. त्याचा मुलगा मारसिंह शेवटपर्यंत राष्ट्रकूटांच्या बाजूने उभा राहिला, कृष्णाचा नातू इंद्र चौथा याला गादीवर बसवायला धडपडला, जमलं नाही तेव्हा बंकापूरला सल्लेखना, म्हणजे जैनांचं मरेपर्यंतचं उपवासाचं व्रत, घेऊन गेला, आणि इंद्रानेही ९८२ ला श्रवणबेळगोळला तेच केलं. म्हणजे जमीन देणं हीच चूक असं सरसकट म्हणता येत नाही, सोयरीक असलेला सामंत टिकला आणि जुन्या चालुक्य राजांचा वारसा सांगणारा उलटला. तैलपाचे पूर्वज राष्ट्रकूटांनीच दोनशे वर्षांपूर्वी गादीवरून काढलेले चालुक्य होते असा त्याच्या घराण्याचा दावा होता.

चोळांची मधली वर्षं वाईट गेली. परांतक ९५५ च्या सुमारास गेला, दुसरा मुलगा गंडरादित्य देवभक्त माणूस, मग तिसरा अरिंजय थोडाच काळ. पांड्य मोकळे झाले आणि वीरपांड्य चोळाचं डोकं घेतलेला असं बिरुद मिरवायला लागला. अरिंजयाचा मुलगा सुंदर चोळ याच्या काळात परतफेड सुरू झाली, उत्तरेत कृष्ण तिसऱ्याचे लेख थांबले आणि चोळांचे पुन्हा दिसायला लागले. अरिंजय आट्रूरला मेला, बहुधा हाच मुलूख परत घेताना. त्याचा नातू राजराज ९८५ ला राजा झाल्यावर त्याने आजोबांच्या स्मरणार्थ देऊळ बांधलं ते मेलपाडीला, जिथे बसून कृष्णाने चोळांचा प्रदेश वाटला होता.

आणि राजराजाने उत्तरेत परांतकापेक्षा वेगळं काय केलं ते वेंगीच्या बाबतीत दिसतं. वेंगी म्हणजे आंध्रच्या किनाऱ्याकडचं राज्य, तिथल्या पूर्व चालुक्यांचा राजा दानार्णव ९७३ मध्ये जटाचोड भीमाकडून मारला गेला आणि त्याची मुलं शक्तिवर्मा आणि विमलादित्य पळून चोळांकडे आली. ह्यावेळी हाकललेले राजपुत्र तंजावरच्या दरबारात होते. राजराजाने भीमाशी लढून वेंगी जिंकली आणि स्वतःच्या अधिकाऱ्याकडे न देता शक्तिवर्म्याला परत दिली, विमलादित्याला आपली मुलगी कुंदवै दिली. पश्चिमेच्या चालुक्यांनी, म्हणजे तैलपाच्या घराण्याने, पुढे पाऊण शतक वेंगी फोडायचा प्रयत्न केला, कधी यशही आलं, पण ते घर फिरून फिरून चोळांकडेच येत राहिलं, आणि १०७० ला चोळांची थेट वंशवेल खुंटली तेव्हा चोळांच्या गादीवर बसला तो विमलादित्य आणि कुंदवैचा नातू, कुलोत्तुंग.